उन्हानं लघुग्रह फोडून पाणी काढणं: हिशेब, अडचणी आणि शाळेत करता येईल असा प्रयोग

मेहकरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी बुलढाणा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. लोणार आम्हाला जवळ आहे, त्यामुळे लघुग्रह म्हणजे वरून पडून खड्डा करणारा दगड, एवढी ओळख आमच्या पोरांना लहानपणापासून असते. त्याच दगडातून पाणी काढता येईल आणि तेही नुसत्या उन्हाच्या जोरावर, असं यंदा नववीच्या वर्गात सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली तरी प्रश्न थांबेनात. काही प्रश्न माझ्या आवाक्याबाहेरचे होते. इथं खाणीतले, मातीतले, भौतिकशास्त्रातले लोक आहेत, म्हणून धागा काढतोय.

पृथ्वीच्या कक्षेजवळून फिरणारे काही लघुग्रह काळेकुट्ट, कार्बनयुक्त असतात. त्यांच्या खनिजांच्या जाळीत पाणी बांधलेलं असतं. दगड हातात घेतला तर कोरडाच लागेल, पण तापवला की वाफ निघते. जोएल सर्सेल हे अमेरिकी अभियंते आणि त्यांची ट्रान्सअ‍ॅस्ट्रा ही कंपनी यांची योजना अशी आहे की काही मीटर व्यासाचा असा दगड मोठ्या पिशवीत बंद करायचा, बाहेर आरसे पसरून ऊन गोळा करायचं आणि त्याचा झोत दगडावर सोडायचा. वरचा थर तापतो, आतल्या पाण्याची वाफ होते, तिच्या दाबानं कपचे उडतात आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. वाफ पिशवीतून सावलीतल्या थंड टाकीत न्यायची आणि तिथं गोठवायची. नासाच्या भविष्यवेधी संकल्पनांसाठीच्या निधीतून या कामाला २०१५ पासून पैसा मिळाला. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या सौरभट्टीत लघुग्रहासारख्या बनवलेल्या दगडावर त्यांनी हे करूनही पाहिलं.

मला यातलं सगळ्यात पटणारं कारण म्हणजे तिथं जोर लावायला आधारच नाही. ड्रिल दाबलं तर दगड हलायच्या ऐवजी यान मागं जाईल. बेन्नू हा सुमारे ४९० मीटरचा लघुग्रह. २० ऑक्टोबर २०२० ला ओसायरिस-रेक्स यानानं त्याला हात लावला, तर तो हात जवळजवळ अर्धा मीटर आत गेला, इतकं ते सगळं सैल. अशा ठिकाणी यंत्र रोवायचं कुठं? उन्हाला मात्र टेकायला जागा लागत नाही.

आता पाणीच का? आपलं एलव्हीएम३ रॉकेट सुमारे ६४० टनांचं. त्यानं चंद्रयान-३ वर नेलं ते साधारण ३.९ टनांचं. बाकीचा बहुतेक भार इंधनाचा आणि ते वाहणाऱ्या टाक्यांचा. वर गेल्यावर तिथंच पाणी मिळालं, तर त्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन करता येतो किंवा नुसती वाफच तापवून मागं सोडता येते. म्हणजे पुढच्या प्रवासाचं इंधन इथून न्यायला नको. पोरांनी पहिल्यांदा सोन्याचं विचारलं होतं, त्यांना मी हेच सांगितलं.

जाणकारांनी चुका काढाव्यात आणि भर घालावी.

खदानवाला_वणी

मास्तर, नमस्कार. मी कोयशाच्या खदानीत ब्लास्टिंगवर होतो, आता रिटायर हाय. तुमचं वाचून एका ठिकाणी अडलो.

दगड गॅसच्या दाबानं फुटते हे खरं हाय. पण गॅस कोंडलेला पायजे. आम्ही होल मारतो, बारूद भरतो, अन् वरून मातीनं स्टेमिंग करतो. स्टेमिंग ढिलं रायलं तर सगळा जोर तोंडातून बाहेर निंगून जाते, नुसता आवाज होते, दगड जागचा हलत नाई. मंग तुमच्या त्या दगडात वाफ कोंडून कोन ठेवन? तो दगड भुसभुशीत असन, भेगा असतीन, तर वाफ त्यातून हळूहळू निंगून जाईन. कपचे काऊन उडतीन?

दुसरं. आमच्या राजूरकडच्या चुनाभट्ट्या तुमाले माहीत असतीन. चुनखडीतून गॅस काढाची असते, ९०० डिग्रीच्या आसपास. तिथं जुने भट्टीवाले एकदम आग देत नाईत. एकदम दिली तर दगड तडकते, चुरा होते अन् भट्टीतली हवा अडते. हळू तापवलं तर दगड अख्खा रायते अन् गॅस निंगून जाते. म्हंजे तापवाच्या वेगावर सगळं हाय. त्या लोकायनं वेगाचा हिशेब केला का?

भौतिकी_अमरावती

काका, फार नेमक्या जागी बोट ठेवलंत. सगळी पद्धत याच प्रश्नावर उभी आहे.

दोन वेग एकमेकांशी झुंजतात. एक, उष्णता आत शिरून वाफ तयार होण्याचा. दुसरा, ती वाफ छिद्रांतून बाहेर पळण्याचा. पहिला जास्त असेल तर दाब साठतो आणि कपचा उडतो. दुसरा जास्त असेल तर वाफ गुपचूप निघून जाते आणि दगड जागेवरच कोरडा होतो. म्हणूनच झोत तीव्र हवा, म्हणजे वरचा पातळ थर झटक्यात तापतो आणि खाली थंड राहतो. चुनाभट्टीत जे टाळतात तेच इथं मुद्दाम करायचं.

पण काकांची शंका प्रत्यक्ष निरीक्षणांतूनही पुढं येते. जपानचं हायाबुसा-२ यान रयुगू नावाच्या लघुग्रहावर गेलं होतं. तिथले मोठे दगड तापमानाच्या मोजणीवरून अतिशय सच्छिद्र निघाले, निम्म्याच्या आसपास पोकळी असलेलेही. अशा दगडात वाफेला पळायला वाटा भरपूर. शिवाय वरचा थर एकदा कोरडा झाला की तो उष्णतारोधक बनतो आणि खालच्या थराला ऊन पोचू देत नाही. माझ्या मते व्हाइट सँड्सला बनवलेल्या दगडावर मिळालेलं यश खऱ्या लघुग्रहावर तसंच्या तसं मिळेल हे धरून चालता येत नाही. दगड ढवळण्याची किंवा वरचा चुरा बाजूला सारण्याची काही सोय लागेल.

आता प्रकाशाबद्दल एक मर्यादा, जी बऱ्याच लेखांत सुटते. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे आरशानं पाडलेला ठिपकाही एका मर्यादेखाली बारीक होत नाही. ठिपक्याची रुंदी म्हणजे साधारण नाभीय अंतराचा १०७ वा भाग. १० मीटर व्यासाचा आरसा १० मीटरवर केंद्रित केला तर ठिपका ९ सेंटिमीटरच्या थोडा वर येतो आणि ऊन आदर्श स्थितीत ११ हजार पटींहून अधिक तीव्र होतं. तोच आरसा १ किलोमीटर लांब ठेवला तर ठिपका ९ मीटरांवर जातो. १० मीटरच्या आरशातून ९ मीटरचा ठिपका, म्हणजे ऊन जवळजवळ होतं तसंच. तेव्हा दुरून झोत मारून लघुग्रह जाळायची जी चित्रं दिसतात ती विसरा. आरसा जवळ न्यावाच लागतो. आणि आरसे कितीही जोडले तरी ठिपक्याचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा, म्हणजे सुमारे ५,५०० अंशांपेक्षा, वर जात नाही. इथं तेवढं लागतही नाही. फ्रान्समध्ये ओदेयो इथली सौरभट्टी ६३ सपाट आरशांनी ऊन एका भल्यामोठ्या अंतर्वक्र आरशावर टाकते आणि ३,५०० अंशांपर्यंत जाते.

ढोबळ हिशेबही करून बघितला. अंतराळात पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला १,३६१ वॉट ऊन मिळतं. १० मीटर व्यासाच्या आरशावर सुमारे १०७ किलोवॉट. त्यातलं निम्मंच दगडात मुरतं असं धरू, ५० किलोवॉट. एक किलो दगड ७००-८०० अंशांनी तापवून त्यातलं पाणी सोडवायला अंदाजे १.५ मेगाज्यूल धरले तर किलोला ३० सेकंद लागतात. तासाला १२० किलो दगड. त्यात १० टक्के पाणी असेल तर तासाला १२ किलो पाणी. तिथं रात्र नसते, म्हणून दिवसाला २८८ किलो. १० मीटर व्यासाचा सैल दगड साधारण ७८० टनांचा धरला तर पाणी ७८ टन, आणि ते सगळं काढायला नऊएक महिने. आकडे आदर्श आहेत, पण एवढ्याशा आरशातून एवढं काम होतं हे मला स्वतःला मोठं वाटलं.

बारावी_सायन्स_चिखली

सर, मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात तर लाखो लघुग्रह आहेत. मग पृथ्वीजवळचेच का शोधायचे? आणि दुसरा प्रश्न, पाणी १० टक्के असतं हे कशावरून?

भौतिकी_अमरावती

पहिल्याचं उत्तर: ऊन अंतराच्या वर्गानं कमी होतं. पृथ्वीपेक्षा अडीच पट लांब गेलास तर ६.२५ पटींनी कमी, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम २१८ वॉट. आरसा तेवढ्या पटींनी मोठा करावा लागेल. शिवाय जायला-यायला वर्षं लागतील.

दुसऱ्याचं: पडलेल्या उल्कांवरून. टांझानियात १९३८ साली इवुना इथं पडलेल्या उल्केसारख्या काही उल्कांत १० ते २० टक्के पाणी सापडलं आहे. पण त्या पृथ्वीवर पडून राहिल्या, इथली दमट हवा त्यांनी शोषली. हायाबुसा-२ नं ६ डिसेंबर २०२० ला रयुगूचे ५.४ ग्रॅम कण आणले, ते इवुनाच्याच जातीचे निघाले, पण त्यांत पाणी सुमारे ७ टक्केच. माझ्या वरच्या हिशेबातलं पाणी त्या प्रमाणात कमी कर.

मातीपरीक्षण_अकोला

मास्तर, धागा वाचून राहवलं नाही. मी मृदाशास्त्र शिकले आणि आता माती तपासणीचंच काम करते. लघुग्रहातल्या पाण्याचं जे तुम्ही सांगताय त्याचा आपल्या शेतांशी थेट संबंध आहे, आणि तो पोरांना दाखवला पाहिजे.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, कारण तिच्यात स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजं असतात. त्यांचे थर पानांसारखे एकावर एक असतात आणि पाणी त्या पानांमध्ये शिरून बसतं. रयुगूच्या कणांत मुख्य खनिजं सापडली ती सर्पेंटाइन आणि सॅपोनाइट. सॅपोनाइट हे स्मेक्टाइट गटातलंच. आपल्या पऱ्हाटीच्या वावरातलं चिकण आणि कोट्यवधी किलोमीटर दूरच्या दगडातलं चिकण एका कुळाचं आहे. दोन्हीकडं ते तयार व्हायला पाणी लागलं. आपल्याकडं बेसाल्ट झिजून झालं, तिकडं सौरमालेच्या सुरुवातीला बर्फ वितळून त्याची खडकाशी क्रिया झाली.

या खनिजांत पाणी दोन जागी असतं. पानांच्या मधलं पाणी १००-२०० अंशांत निघून जातं. पानाच्या अंगातच हायड्रॉक्सिल रूपात (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बांधलेलं असतं ते ५०० च्या पुढं, काही खनिजांत ८०० पर्यंत, हळूहळू सुटतं. रयुगूच्या कणांत पानांमधलं पाणी बहुतेक नव्हतंच, अंतराळातल्या निर्वातात आणि उन्हात ते आधीच उडून गेलेलं. म्हणजे खाणवाल्यांच्या वाट्याला मुख्यतः दुसरं, कष्टाचं पाणी येणार. म्हणूनच एकवटलेलं ऊन हवं, साध्या उन्हानं भागत नाही.

प्रयोग असा करा. काळी माती चांगली आठवडाभर उन्हात वाळवा, कुटा, चाळा. पोरं म्हणतील ही खडखडीत कोरडी आहे. ती जाड काचेच्या परीक्षानळीत भरा, नळीचं तोंड किंचित खाली झुकवा म्हणजे जमलेलं पाणी तापलेल्या काचेकडं परत येणार नाही. तोंडाजवळ ओलं फडकं गुंडाळा. तळ डिश सोलर कुकरच्या नाभीवर धरा. ओल्या फडक्याच्या भागात थेंब दिसायला लागतील. तापलेला दगड, वाफ, थंड सापळा, सगळं त्यात आलं. तुलनेसाठी क्रशरवरची काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, बुकटी दुसऱ्या नळीत घ्या.

डिशच्या नाभीकडं नुसत्या डोळ्यांनी कोणालाही बघू देऊ नका. वेल्डिंगची काच लागेलच, आणि डिशला हात लावायच्या आधी ती सूर्यापासून वळवायची.

लोणार_गाइड

ताईंनी मातीचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो.

ओसायरिस-रेक्सनं २४ सप्टेंबर २०२३ ला बेन्नूचे १२१.६ ग्रॅम कण आणले. २०२५ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की त्यात खारं पाणी आटून उरतात तसे क्षार आहेत, सोडियम कार्बोनेटच्या कुळातले, ट्रोनासुद्धा. लोणारचं सरोवर हे अशाच सोड्याचं आहे, सामू १० च्या घरात. उन्हाळ्यात काठावर पांढरी पापडी धरते ती तिथं येणाऱ्या प्रत्येकाला मी दाखवतो. पूर्वी इथून हे क्षार काढून विकत असत.

पर्यटक लगेच म्हणतात, मग हे क्षार त्या लघुग्रहातूनच आले. तसं नाही. सरोवराला बाहेर जायला वाट नाही. आजूबाजूचा बेसाल्ट झिजून क्षार पाण्यात येतात आणि पाणी आटून ते साठत राहतात. पण बेन्नू ज्या मोठ्या पिंडातून फुटला त्याच्या पोटात कधीकाळी अशीच खारट पाण्याची डबकी हळूहळू आटली असणार, हे साम्य खरं आहे. मास्तर, पोरांना घेऊन या तेव्हा काठावरच उभं राहून हे सांगू.

दर्यापूरचा_शेतकरी

सगळं वाचलं. चांगलं हाय. पण मले एक इचारू द्या. आमचा खारपाणपट्टा. बोअर मारली तर खारं पाणी लागते, पेता येत नाई, पिकाले देता येत नाई. इतकं ऊन आमच्याइथं पडते. आभायातल्या दगडातून पाणी काढाची अक्कल हाय, तर आमच्या खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काऊन नाई काढत?

भौतिकी_अमरावती

भाऊ, प्रश्न रास्त आहे. पाणी काढता येतं, पण हिशेब तुमच्या विरुद्ध जातो. एक लिटर पाण्याची वाफ करायला २.२६ मेगाज्यूल लागतात. आपल्याकडं चांगल्या दिवशी एका चौरस मीटरवर २० मेगाज्यूलच्या आसपास ऊन पडतं. काहीच वाया गेलं नाही तरी ९ लिटरच्या आत पाणी मिळेल. प्रत्यक्ष काचेच्या सौर ऊर्ध्वपातन पेटीत तीन-चार लिटर येतं. घरच्या पिण्यापुरतं हे नक्की जमतं, आणि पेटी गावातला सुतार करू शकतो. पिकाला मात्र ते कधीच पुरणार नाही. तिथं पावसाचं पाणी शेततळ्यात धरणं हाच मार्ग.

लघुग्रहाचं पाणी परवडतं ते पृथ्वीवरून वर न्यायचा खर्च वाचतो म्हणून. तेच पाणी खाली आणलं तर त्याला तशी किंमत नाही. बेन्नूचे १२१ ग्रॅम आणायला अमेरिकेला एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला.

एकवटलेल्या उन्हाचा जमिनीवरचा उपयोग पाहायचा तर शिर्डी बघा. तिथल्या प्रसादालयावर २००९ पासून ऊन एकवटणाऱ्या ७३ शेफलर डिश आहेत, त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होतो. आणि खदानवाले काका, तुमच्यासाठी: स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत उन्हावर चुना भाजायची छोटी फिरती भट्टी चालवून झाली आहे. कोळसा जाळायचा नाही.

दर्यापूरचा_शेतकरी

पिण्यापुरतं झालं तरी लय झालं. पेटीचं माप अन् काचेचा उतार सांगा, मी करून पाह्यतो.

भौतिकी_अमरावती

एक मीटर बाय एक मीटर, तळ काळा, पाणी दोन-तीन सेंटिमीटर. काच दक्षिणेकडं उतरती, साधारण २० अंश, म्हणजे थेंब ओघळून पन्हाळीत येतात आणि खाली पडत नाहीत. सांधे पक्के बुजवा. रोज सकाळी उरलेलं खारट पाणी काढून टाका, नाहीतर तळाला थर धरतो.

धानपट्टा_सिंदेवाही

मी सिंदेवाही तालुक्यातला. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आभाळात जळते गोळे रांगेनं गेले ते अख्ख्या विदर्भानं पाहिलं. लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, पवनपारला गोळा सापडला. चिनी लाँग मार्च रॉकेटचा टप्पा असावा असं जाणकारांनी सांगितलं. कोणाला लागलं नाही हे नशीब. आता तुम्ही म्हणता की अख्खे दगड पिशवीत धरणार, उद्या कोणी ते पृथ्वीच्या जवळही आणेल. पिशवी सुटली तर? आमच्या मनात ही भीती आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये.

मेहकरचा_मास्तर

कोणी नेणार नाही, भाऊ. तुमच्याकडं जे झालं ते पाहिलेल्या माणसानं हे विचारायलाच हवं.

१० मीटरचा सैल कार्बनी दगड वातावरणात आला तर तो बराच वर फुटतो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड फुटला, त्याच्या धक्क्यानं काचा फुटून दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले. म्हणजे निम्म्या व्यासाचा दगड, वस्तुमानानं आठव्या हिस्स्याएवढा, तुलनेनं पुष्कळ कमी धोक्याचा, पण शून्य धोक्याचा नाही. मला त्या दगडापेक्षा तिथं नेलेल्या यंत्रांची काळजी जास्त वाटते. तुमच्याकडं पडलं ते दगडाचं नव्हतं, माणसानं बनवलेल्या धातूचं होतं, आणि धातूचे मोठे भाग पूर्ण जळून संपतीलच असं नाही. त्यामुळे दगड जिथं सापडला तिथंच पाणी काढावं आणि फक्त पाणी हलवावं, ही योजना मला जास्त बरी वाटते.

बारावी_सायन्स_चिखली

सर, याच आरशांनी पृथ्वीवर आदळणारा लघुग्रह बाजूला ढकलता येईल का?

भौतिकी_अमरावती

मेलॉश आणि नेमचिनोव यांनी १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये हेच सुचवलं होतं. ऊन एका ठिकाणी एकवटून खडकाची वाफ करायची, ती वाफ एका दिशेनं उडते आणि लघुग्रह हळूहळू उलट दिशेला सरकतो. अडचण मी वर सांगितली तीच, आरसा जवळ हवा, आणि उडालेली वाफ-धूळ त्याच आरशावर बसून तो आंधळा होतो. खाणकामाच्या पिशवीतही हाच त्रास आहे. प्रकाश आत सोडणारी खिडकी स्वच्छ कशी ठेवायची, यावर मला अजून समाधानकारक उत्तर वाचायला मिळालं नाही. ढकलण्यासाठी आतापर्यंत प्रत्यक्षात करून झालंय ते धडकेचं. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फसवर आदळलं आणि त्याचा प्रदक्षिणेचा काळ सुमारे अर्ध्या तासानं कमी झाला.

कोरचीची_ताई

मी गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करते. विज्ञान मला फारसं कळत नाही, पण खाण कळते. आमच्या जिल्ह्यात लोखंडाची खाण आली तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की डोंगर कोणाचा. इथं कोणीच विचारलेलं नाही, तो दगड कोणाचा?

मेहकरचा_मास्तर

ताई, हा प्रश्न पोरांनीही विचारला होता.

१९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणताही देश चंद्रावर किंवा लघुग्रहावर मालकी सांगू शकत नाही. भारत त्यात आहे. पण तिथून काढलेला माल कोणाचा, हे तो करार स्पष्ट सांगत नाही. अमेरिकेनं २०१५ मध्ये कायदा केला की आपल्या नागरिकानं काढलेला माल त्याचाच. लक्झेंबर्गनं २०१७ मध्ये तसाच कायदा केला, नंतर जपाननंही. दुसरीकडं १९७९ चा चंद्र करार आहे, त्यात ही संपत्ती सगळ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानली आहे. भारतानं त्यावर १९८२ मध्ये सही केली, पण मंजुरी दिली नाही. २०२३ च्या जूनमध्ये भारत अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या आर्टेमिस करारात सामील झाला, तो संसाधनं काढायला हरकत घेत नाही.

कोरचीची_ताई

म्हणजे आधी पोचेल त्याचं. मास्तर, आमच्याच जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू कसा तोडायचा, कोणाला विकायचा हे ग्रामसभा ठरवते. सामाईक संपत्तीचा कारभार चालवता येतो हे लहानशा गावानं करून दाखवलं. मालकी नसतानाही नियम करता येतात, फक्त ते खाण सुरू व्हायच्या आधी करावे लागतात. नंतर केलेले नियम आम्ही पाहिले आहेत. खाणींमुळे बाधित झालेल्यांसाठीचं जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या सुधारित कायद्यानं आलं, तोवर कित्येक खाणी वर्षानुवर्षं चाललेल्या होत्या. तुमच्या वर्गातल्या पोरांना आरशासोबत हेही शिकवा. ती पोरं मोठी होतील तेव्हा कदाचित आपल्या देशाकडून तिथं बोलायला जातील.

मेहकरचा_मास्तर

नक्की शिकवीन ताई. नागरिकशास्त्राच्या शिक्षकांशी बोललोय, हा तास आम्ही दोघं मिळून घेणार आहोत.

आता प्रयोगाचं. मातीपरीक्षण ताईंनी सांगितलं तसं केलं. दुपारी बारानंतरच्या उन्हात डिश लावली. काळ्या मातीच्या नळीत आधी वाफेचं धुकं धरलं, मग ओल्या फडक्याखाली थेंब जमले आणि ओघळले. क्रशरच्या बुकटीच्या नळीत जवळजवळ काहीच नाही. पोरांना हा फरक जास्त भिडला, कारण माती झाली ती त्याच दगडाची. एका मुलीनं तिथल्या तिथं विचारलं, मग दगडात नव्हतं ते पाणी मातीत आलं कुठून? त्यावर पुढचा सगळा तास गेला.

मातीच्या नळीला जळका वास आला आणि थेंब किंचित पिवळसर होते.

मातीपरीक्षण_अकोला

वास सेंद्रिय पदार्थाचा. तेही एका अर्थी बरंच झालं. कार्बनी लघुग्रहातही सेंद्रिय संयुगं आहेत, बेन्नूच्या कणांत तर अमोनियाही सापडला. तिथलं पाणीसुद्धा असंच गंधाचं आणि घाण निघणार. ते विद्युत अपघटनाला वापरायच्या आधी शुद्ध करावं लागेल, आणि त्या शुद्धीकरणाचं यंत्र न्यायचा भार हिशेबात धरला पाहिजे.

आता पुढची पायरी, वजन. नुसते थेंब दाखवून थांबू नका. माती आधी १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, ते वजन लिहा. मग डिशवर तापवून पुन्हा वजन करा. जो फरक येईल तो बांधलेल्या पाण्याचा आणि जळालेल्या सेंद्रिय पदार्थाचा मिळून. डिशवर साधारण ३००-४०० अंशच मिळतात, तेव्हा पानाच्या अंगातलं पाणी तुमच्या हाती येणार नाही. त्यासाठी आमच्याकडच्या भट्टीत नमुना ६०० ला ठेवून देईन. दोन्ही आकडे शेजारी मांडले की पोरांना दिसेल, लघुग्रहासाठी एवढा तीव्र झोत का लागतो.

खदानवाला_वणी

ताई, त्यात एक जोडा. मातीचे दोन गोये करा. एक ढिला, एक दाबून घट्ट केलेला, दोन्ही सारखे वायवलेले. एकाच ठिपक्यावर धरा. कोनता तडकते अन् कोनता नुसता वाफ सोडते ते पाहा. माह्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच हाय. पण गोयाभोवती जाळी लावा, तुकडा उडून डोयात जाईन.

भौतिकी_अमरावती

हा तर फारच चांगला प्रयोग आहे काका. त्यात ठिपका लहान-मोठा करूनही पाहता येईल. डिशपासून गोळा थोडा मागं-पुढं सरकवला की तीव्रता बदलते. कोणत्या तीव्रतेला घट्ट गोळा तडकायला लागतो ते नोंदवा.

दर्यापूरचा_शेतकरी

मास्तर, माह्या वावरातली खारी माती पायजे का? तिच्यातबी चिकणच हाय, पण क्षार लय.

मातीपरीक्षण_अकोला

पाठवा भाऊ, क्षारामुळे आकडा किती बदलतो ते कळेल. वरचा पालापाचोळा बाजूला करून एक वीतभर खोलीची घ्या, वावरात चार-पाच जागची घेऊन मिसळा. पिशवी कापडी, खताची नको. चिठ्ठीवर गट क्रमांक, खोली आणि शेवटचं पीक लिहा, आणि चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते.